दिवा गेला त्या वर्षीचे आकडे

सोमवार, ७ जुलै २०२५, नांदेड

आज लॅबमध्ये जावई आला. काळा, पेटीएवढा, अंगभर दिवे लुकलुकणारा कॉम्प्युटर. त्याच्यासाठी माझी स्टोअररूम रिकामी करून एसी बसवला. बावीस वर्षं मी याच लॅबमध्ये मे महिना पंख्याखाली काढला, तेव्हा कुणाला एसी सुचला नाही. प्राचार्यांना तसं म्हटलं तर म्हणतात, "मॅडम, त्याला गरम झालं की तो बंद पडतो." मीही एकदा बंद पडून बघायला हवं होतं.

जावई हे नाव मीच ठेवलं. खातो भरपूर, सगळे पुढेपुढे करतात, आणि राबायचं कुणी? तर सासूने.

पाठवला अनयने. माझा विद्यार्थी, एम.फार्म.च्या २००९ च्या तुकडीतला. आता हैदराबादला त्याची स्वतःची कंपनी आहे. त्याचं म्हणणं असं की आजवर औषध शोधायचं म्हणजे माणसाने एक रेणू बनवायचा, तपासायचा, नाही चालला की दुसरा बनवायचा. त्यात आयुष्य जातं. हे यंत्र जुन्या हजारो रेणूंची माहिती वाचतं, त्यावरून कुणी कधीच न बनवलेले नवे रेणू रचतं आणि कोणता चालेल याचा क्रमही लावून देतं. "मॅडम, तुम्ही फक्त बनवायचे," म्हणाला. बनवण्याला 'फक्त' म्हणणारा माणूस माझ्या हाताखालून शिकून गेलाय!

तरी मी हो म्हटलं, कारण विषय घोणशीचा आहे. घोणशीच्या विषातलं पेशी फोडणारं एन्झाइम अडवणारी गोळी. शेतात चावली की तिथेच तोंडात टाकायची, म्हणजे दवाखाना गाठेपर्यंत माणूस टिकेल. आमच्या लॅबचे सेवक किशनराव इस्लापूरचे. त्यांची बायको सिंधु २००७ च्या श्रावणात सोयाबीन निंदताना घोणस चावून गेली. लस नांदेडला होती आणि सिंधु जीपमध्ये. भोकरच्या अलीकडेच संपलं. पुढच्या वर्षी मी रागारागाने माझ्या सातही विद्यार्थ्यांना हाच विषय दिला होता. सातही प्रबंधांच्या पहिल्या पानावर सिंधूचं नाव आहे.

पंधरा डिसेंबरला पैसे देणारी समिती बसणार. तोवर विष अडवणारा एक तरी रेणू हातात नसेल तर हे काम बंद, आणि घोणशीवर पुन्हा कुणी पैसा लावणार नाही. घोणस गरिबांना चावते ना.

बुधवार, १६ जुलै

जावयासोबत एक मुलगी आली आहे, उर्वी. पुण्याची, सत्तावीस वर्षांची, यंत्र सांभाळायला. बोलते मऊ, ऐकत मात्र नाही. आज तिने जावयाची यादी दिली. चाळीस रेणू, गुणानुक्रमे.

यादी बघून माझं डोकंच फिरलं. पहिल्या नऊच्या नऊ रेणूंमध्ये अणूंच्या कडीवर तिसऱ्या जागी क्लोरीन! उर्वी म्हणते, "मॅडम, ही गोष्ट आजवर कुठल्याच माणसाच्या लक्षात आली नव्हती. यंत्राला दिसली."

कुठल्याच माणसाच्या? अगं, मी माणूस नाही का? तिसऱ्या जागी क्लोरीन हवा हे मी २००९ पासून बोंबलून सांगतेय. परिषदांमध्ये सांगितलं, लोक चहा प्यायला उठून गेले. आता डब्याने सांगितलं तर साक्षात्कार! मी तिला हे सगळं सुनावलं. ती गडबडली आणि म्हणाली, हा निष्कर्ष यंत्राने कुठल्या कागदांवरून काढला ते काढून बघते.

संध्याकाळी घरी वसंतरावांना सांगितलं. आमचे हे निवृत्त मुख्याध्यापक, प्रत्येक गोष्टीत चिमटा काढायची सवय. म्हणाले, "जावई सासूच्या मताचा निघाला म्हणजे घर चांगलं चालणार तुमचं."

गुरुवार, १७ जुलै

उर्वीने काढून दाखवलं. क्लोरीनचं सगळं श्रेय सहा प्रबंधांना. अनयने मराठवाड्यातल्या कॉलेजांमधले चारेकशे जुने प्रबंध स्कॅन करून जावयाला खाऊ घातलेत. इंटरनेटवर नसलेली माहिती म्हणे. त्यातल्या सहा प्रबंधांनी पारडं फिरवलं. आणि सहाही माझे! २००९ चे!

मला रडूच आलं, उर्वीसमोर. सोळा वर्षं ते प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात झुरळांनी खाल्ले.

पण मग मोजले. सहा? तुकडी सातांची होती. सातवा कुठाय? अनयचा स्वतःचा. तो घातलेलाच नाही. फोन केला तर म्हणतो, "राहू द्या मॅडम, माझं काम तितकं चांगलं नव्हतं." खोटं. सर्वांत स्वच्छ टायपिंग त्याचंच होतं. मोठ्या कंपनीच्या मालकाला नांदेडच्या बाईच्या हाताखाली शिकलो हे दाखवायची लाज वाटते, दुसरं काय. मी फोन आपटला.

सोमवार, ४ ऑगस्ट

पहिल्या क्रमांकाच्या रेणूचं काम सुरू आहे. आठ पायऱ्यांपैकी तिसरी. आज निर्वात पंप बिघडला. उर्वी म्हणाली, नवा येईपर्यंत थांबावं लागेल.

थांबावं लागेल! ही आजची पिढी. मी तिला २००९ सांगितलं. यूव्ही मशीनचा दिवा गेला होता. विषाचं प्रत्येक मोजमाप त्याच मशीनवर व्हायचं. दिवा परदेशातून यायचा, सात महिने आला नाही. मी हैदराबादला खेटे घातले, लातूरच्या एका कॉलेजचे पाय धरले, त्यांनी मशीनला हात लावू दिला नाही. तरीसुद्धा माझ्या सातही पोरांचे प्रबंध ठरल्या तारखेला विद्यापीठात जमा झाले. एकाचंही वर्ष वाया गेलं नाही. मनात आणलं की होतं.

उर्वी म्हणाली, "कसं केलंत मॅडम?" मी म्हटलं, "अनुभवाने."

पंप किशनरावांनी दुपारी दुरुस्त करून आणला.

गुरुवार, १४ ऑगस्ट

झाला! पहिला रेणू झाला. पांढरे शुभ्र स्फटिक, तळहाताच्या खळग्यात मावतील एवढे. जगात आजवर कुणी पाहिला नव्हता हा पदार्थ, आणि तो नांदेडच्या नळाच्या पाण्यावर थंड होऊन तयार झाला. जावयाने रचला असेल, पण हाताला चटके माझ्या बसलेत.

किशनराव कुपी उजेडात धरून उभे होते. म्हणाले, "मॅडम, गोळी कवा व्हनार ह्याची?" मी म्हटलं, अजून खूप पल्ला आहे, आधी विष अडवतं का ते बघायचं, मग प्राणी, मग माणसं. म्हणाले, "बघा लवकर. आमच्याकडं ह्या साली बी दोगींला चावली. एक वाचली."

कुपी बर्फात घालून हैदराबादला पाठवली. तपासणी तिथल्या लॅबमध्ये.

मंगळवार, २ सप्टेंबर, लातूर

महालक्ष्म्यांना माहेरी आले. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, आणि माझी रोजची चिडचिड. भावाची मुलगी समीक्षा बारावीला आहे. प्रॅक्टिकलची वही लिहीत बसली होती. मी म्हटलं, प्रयोग कधी केलास? "प्रयोग कुठला आत्या, क्लासमधून वेळ कुठे मिळतो? मागच्या वर्षीच्या ताईची वही आहे. फक्त शेवटचा आकडा थोडा बदलायचा, नाहीतर कळतं."

भाऊ तिला ओरडला. मीच म्हटलं, "जाऊ दे रे, सगळेच करतात. उत्तर काय येणार ते आधीच माहीत असतं, मग मोजलं काय आणि लिहिलं काय." वहीचं अक्षर मात्र गिचमिड होतं, त्यावरून मी तिला बोलले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

हैदराबादचा निकाल आला. जावयाचा अंदाज होता नव्वद टक्के विष अडवेल. आलं तीन टक्के. तीन म्हणजे काहीच नाही, साध्या पाण्यालाही तेवढं येतं.

शक्यच नाही. २००९ ला याच्याहून साध्या क्लोरीनवाल्यांना चौऱ्याऐंशी टक्के आले होते. हैदराबादवाल्यांनी बर्फ वितळू दिला असणार. नाहीतर त्यांचं विषच जुनं. मी अनयला स्पष्ट सांगितलं की तुझ्या लॅबमधल्या पोरांना पिपेट धरता येत नाही. तो म्हणाला, "मॅडम, त्यांनी चार वेळा केलंय." चार वेळा चुकीचं केलं तर बरोबर होतं का?

परत बनवणार.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा बनवला. आणखी शुद्ध. दोन टक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचेही पाठवले होते, तेही शून्य.

आज उर्वीवर ओरडले. सगळ्या लॅबसमोर. तिचं म्हणणं, क्लोरीन सोडून खालच्या क्रमांकांपैकी एखादा करून बघू, उदाहरणार्थ एकतीस. एकतीस मी बघितलाय. वेडावाकडा, क्लोरीनचा पत्ता नाही, एका बाजूला शेपटीसारखी साखळी. जावयानेच त्याला एकतिसावा नंबर दिलाय आणि हिला तो पहिला करायचाय! मी म्हटलं, "तुझ्या यंत्रावर तुझाच विश्वास नाही का?" तर म्हणते, "यंत्रावर आहे मॅडम. त्याला काय खाऊ घातलंय त्यावर नाही."

"माझ्या कामावर शंका घेतेस?" मी म्हटलं. "तू पाचवीत होतीस तेव्हा मी हे काम केलंय." ती रडली नाही. यादी घेऊन एसीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. माझ्याच स्टोअररूमचं दार, माझ्याच तोंडावर.

सव्वादोन महिने उरलेत.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी संपली. मी ठरवलं, दुसऱ्यांच्या हातचं नको. तपासणी मीच करणार, इथेच, आमच्या जुन्या यूव्हीवर. परवाना होताच, कोरडं विष मागवलं.

किशनरावांना म्हटलं, मशीनवरचं कापड काढा. धूळ झटकत म्हणाले, "ह्या कापडाला लई वर्सं झाली. दिवा गेला व्हता तवा सिंधूचं लुगडं फाडून शिवलं व्हतं मी. सात-आठ म्हैने रोज फडकं मारायचो वरून. मशीन मुकं आन् आपुन पुसून राहिलो."

"हो, आठवतं," मी म्हटलं. "दिवा मेमध्ये आला."

"मेमंदी न्हाई मॅडम. पोरं पुस्तकं देऊन गावाला गेली, त्याच्या मागून आला. उद्घाटनाला पेढे निस्ते आपुन दोघांनीच खाल्ले."

असेल. म्हाताऱ्याची स्मरणशक्ती काय सांगावी. पण नंतर दिवसभर मला कशातच लक्ष लागेना, आणि का ते कळेना.

सोमवार, ३ नोव्हेंबर

माझ्या हाताने केलं. पाच वेळा. विष माझं, मशीन माझं, पिपेट माझी.

तीन टक्के. दोन. चार. तीन. तीन.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज लिहायलाच हवं. उद्या माझंच मन मला वेगळं काहीतरी पटवेल.

सकाळी ग्रंथालयातून २००९ चे सातही प्रबंध आणले. म्हटलं, तेव्हा कसं चाललं ते बघू. द्रावण वेगळं असेल, तापमान वेगळं असेल. परिशिष्टात मोजमापांचे तक्ते आहेत, तारखांसकट. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. आणि दिवा २००८ च्या ऑक्टोबरच्या शेवटीच गेला होता. आला तो पोरं गेल्यानंतर. किशनरावांचं बरोबर आहे.

मग तक्ते एकाशेजारी एक ठेवले. क्लोरीनवाले: ८४, ८१, ८३, ८६. बाकीचे: ४७, ४४, ४९. सातही प्रबंधांमध्ये हीच रांग, दोनएक आकड्यांनी इकडेतिकडे. शेवटचा आकडा थोडा बदलायचा, नाहीतर कळतं.

मी विसरले होते असं लिहिणार होते. ते खोटं आहे. विसरले नव्हते. 'आकडे बसवून दिले' एवढंच मनात ठेवलं होतं, जणू पातेल्यावर झाकण बसवावं. तारीख अंगावर आली होती, पोरांची नोकरी, लग्नं अडली होती. मी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हटलं, "बाकी सगळ्यांचं बाहेरून मोजून आणलंय. तुझं एकट्याचंच राहिलंय. लिहून घे." क्लोरीनवाल्यांना ऐंशीच्या वर सांगितले कारण माझा तसा अंदाज होता. तोच खरा निघणार अशी खात्री होती. दिवा आल्यावर एकदा मोजून बघू, असंही ठरवलं होतं. दिवा आला, पेढे खाल्ले, पुढची तुकडी आली.

म्हणजे जावयाने काय शोधलं? माझाच अंदाज. मी खोट्या आकड्यांत लपवलेला माझाच अंदाज त्याने शोधून काढला, त्याला पहिला नंबर दिला आणि मला परत आणून दिला. आणि मी त्याच्यासमोर रडले! सहाही माझे म्हणून! थू माझ्या जिनगानीवर.

सातही प्रबंधांच्या पहिल्या पानावर: 'कै. सिंधु किशनराव यांच्या स्मृतीस'. ते वाक्यसुद्धा मीच सांगितलं होतं. ते तेवढं मनापासून होतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वसंतरावांना सांगितलं. त्यांनी चहा केला, त्यात साखर घालायची विसरले. मग म्हणाले, "कुणाला कळायच्या आत सांगून टाक." मी म्हटलं, कुणाला कळणारच नाही, हाच तर प्रश्न आहे. गप्प बसले तर १५ डिसेंबरला समिती म्हणेल यंत्र फेल गेलं. सगळे जावयाला शिव्या देतील, मी सुद्धा देऊ शकेन. घोणशीचं काम बंद पडेल आणि माझं नाव कुठेच येणार नाही.

मला स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता. भांडी घासताना एक फुलपात्र चेपलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अनयला बोलावून घेतलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सकाळच्या गाडीने आला, गोदावरीकाठच्या गुरुद्वाऱ्यात माथा टेकून मग कॉलेजात. मी सातही प्रबंध टेबलावर मांडून बसले होते. सगळं सांगितलं, उर्वीच्या देखत.

तो ऐकत होता. शेवटी त्याने सातवा, स्वतःचा, उचलला आणि उघडलाही नाही.

"हा खोटा आहे हे मला माहीत होतं मॅडम," म्हणाला. "म्हणूनच मी तो यंत्राला दिला नाही. तुम्ही म्हणाला होतात, तुझा एकट्याचाच राहिलाय."

मी टेबलावरचे सहा प्रबंध उगाच सरळ केले.

"सोळा वर्षं मला वाटतंय, सातांत मीच एकटा चोर. बाकीच्या सहांनी खरं काम केलं, आणि मॅडमनी माझ्यासाठी पाप केलं. मित्रांना भेटायचं टाळलं मी. ही कंपनी घोणशीवर काढली ती का काढली असं वाटतं तुम्हाला? ते फेडायला!" आता तो ओरडत होता. हळू बोलणारा पोरगा, कॉरिडॉरमधून लोक डोकावले. "आणि त्या सहांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. सहाही असंच एकेकटे बसले असतील घरात!"

लाज वाटते म्हणून त्याने स्वतःचा प्रबंध घातला नाही, असं मी जुलैत या वहीत लिहिलंय. लाज वाटत होती हे खरं होतं. कुणाची, ते मला कळलं नव्हतं.

उर्वीने विचारलं, "ते सहा काढून टाकू?" अनय म्हणाला, काढ. मी विचारलं, त्यांच्या जागी आता काय घालायचं, तिथे तर काहीच माहिती उरणार नाही. उर्वी म्हणाली, "मॅडम, रिकामी जागा त्याला कळते. तिथे तो जपून बोलतो. खोटी भरलेली जागा त्याला कळत नाही." हे ती मला टोचायला म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नवी यादी आली. क्लोरीनवाले नऊच्या नऊ तळाला. एकतीस दुसरा; पहिल्याचा कच्चा माल पंधरा डिसेंबरच्या आत मिळत नाही.

विद्यापीठाला पत्र लिहिलं. आकडे मी सांगितले, विद्यार्थ्यांवर दबाव होता, शिक्षा व्हायची तर मला व्हावी. प्राचार्य म्हणाले, "गाडलेलं मढं कशाला उकरता मॅडम? तुमच्या नोकरीची आठ वर्षं राहिलीत." मी म्हटलं, मढं गाडलेलं नाही सर, ते एसीत ठेवलं होतं. पत्र माझ्या हाताने पोस्टात टाकलं.

उर्वी आणि मी एकतीस बनवायला घेतला. मी तिची माफी मागितली. म्हणाली, "आधी दुसरी पायरी तपासून घेऊ मॅडम."

सोमवार, १७ नोव्हेंबर

सगळ्यांना सांगून झालं, आणि ज्याला पहिल्यांदा सांगायचं त्याला आज सांगितलं. लॅबबाहेरच्या बाकावर. किशनराव काचेची भांडी पुसत होते. मी म्हटलं, २००९ चे आकडे खोटे होते. मशीन बंद होतं, मी मनाने सांगितले.

"मशीन बंद व्हतं ते मला ठावं हाय," म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही दुसरीकडून करून आनले. तुम्ही लई हिंडत व्हता तवा."

"नाही. कुठेच झालं नाही."

बराच वेळ पुसत राहिले. एकच भांडं. मग विचारलं, "तवा खरं लिवलं आसतं, की आमाला न्हाई जमलं म्हून, तर?"

मी म्हटलं, तर कुणीतरी दुसरा रस्ता धरला असता. कदाचित. सोळा वर्षांत कुठेतरी पोचलो असतो. कदाचित.

"सिंधूचं नाव हाय न्हवं त्या पुस्तकांत? तुम्ही वाचून दाखिवलं व्हतं मला."

"आहे."

"सातीबी?"

"सातही."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, माझ्या शेजारी बाकावर ठेवला आणि गेटमधून बाहेर गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तीन दिवस किशनराव आले नाहीत. लॅबचं कुलूप मी उघडलं, भांडी मी धुतली, उर्वीने झाडू मारला. आज सकाळी दहाला आले. इस्लापूरला जाऊन आले होते. मळ्यात सिंधूच्या समाधीवर छत्री आहे, तिथे. मी किल्ल्या पुढे केल्या, त्यांनी घेतल्या नाहीत.

"येक सांगायचं हाय. ते कबूल आसंल तर किल्ल्या द्या."

"बोला."

"हितून पुढं मशीनवर आकडा आला की आदी मला दाखवायचा. मी वाचनार. मंग तुम्ही लिवायचा. आन् खाली माजी बी सई."

माझ्या अंगाचा भडका उडाला. खरं तेच लिहिते, अजूनही उडाला. बावीस वर्षं शिकवतेय, पीएच.डी. आहे माझी, आणि सातवी पास सेवक माझे आकडे तपासणार! तोंडातून निघूनही गेलं, "किशनराव, बावीस वर्षं मी हेच शिकवतेय."

"म्हनून तर," ते म्हणाले.

किल्ल्या दिल्या.

बुधवार, १० डिसेंबर

एकतीस काल झाला. पिवळट, चिकट, दिसायला काही नाही. आज तपासणी.

किशनराव स्टूल घेऊन मशीनसमोर बसले, चष्मा पुसून. नुसत्या विषाचा आकडा आधी आला. त्यांनी मोठ्याने वाचला, "शून्य पॉइंट आठ दोन." मी लिहिला. मग एकतीस घातलेलं विष. आकडा जेवढा खाली, तेवढं विष अडलं. उर्वीने नखं खायला सुरुवात केली.

काचेवर आकडा थरथरला आणि थांबला. ०.४८.

माझ्या मनाने लगेच हिशेब केला. एक्केचाळीस टक्के. पहिल्यांदा काहीतरी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखर काहीतरी! आणि त्याच क्षणी दुसरं मन म्हणालं, ०.४१ असता तर निम्मं अडवलं म्हणता आलं असतं. समितीला 'निम्मं' ऐकायला बरं वाटतं. चार आठ की चार एक, कोण बघतंय. पेन हातात होतं. मी हे कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते, कारण आता कुठेतरी लिहायला पाहिजे.

"थांबा," किशनराव म्हणाले. त्यांनी काचेजवळ तोंड नेलं. "शून्य पॉइंट चार आठ." मग माझ्याकडे वळले. "परत करा."

परत केलं. चार नऊ. परत. चार सात. परत. चार आठ. दर वेळी ते वाचत होते, हळूहळू, एकेक अंक सुटा करून, जसं कुणाचं नाव हजेरीत घ्यावं.

"ह्यो चांगला हाय का वाईट?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे. पुरेसा नाही. पण खरा आहे."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून खिशात ठेवला.

"लिवा आता," म्हणाले. मी लिहिला. खाली मी सही केली, आणि त्यांनी माझ्या हातून पेन घेऊन तिच्याशेजारी आपली केली.